हप्ता चुकला तर नाव तुमचंही



घरकर्जाचा हप्ता चुकला की आपल्याकडे आधी लपवालपवी सुरू होते. नवरा बायकोला सांगत नाही, बायको माहेरी बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्या कर्जावर सहकर्जदार म्हणून तुमची सही आहे, त्याची तारीख तुम्हाला पाठ हवी. चुकलेला हप्ता दोघांच्याही सिबिल अहवालात नोंदला जातो. उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागाल, तेव्हा तो समोर येतो.

हप्ता उधळपट्टीनंच चुकतो असं नाही. कराड जनता बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला. त्याआधीच तिथे पैसे काढण्यावर निर्बंध होते. हप्त्याचं खातंच असं अडकलं, तर पैसे असूनही हप्ता चुकतो. म्हणून एका हप्त्याएवढी रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवावीच.

चुकलाच, तर थकबाकी भरा, पावती जपा आणि पुढचे हप्ते वेळेवर द्या. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, तो सावकाशच सुधारतो. पैसे घेऊन नोंद पुसून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. खरी नोंद अशी पुसली जात नाही. चुकीची असेल तर तक्रार फुकट करता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. दिवाळीच्या वहीपूजनाआधी तो दोघांनी शेजारी बसून वाचावा.