या वयात कशाला?

माझ्या आपाचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा ती ४८ वर्षांची होती. जीव वाचला, अलहमदुलिल्लाह. पुढची दोन वर्षं तिने ओढणीखाली कापडाची घडी ठेवून काढली. काढलेला स्तन पुन्हा घडवता येतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कळलं तेही तपासणीच्या रांगेत शेजारी बसलेल्या एका बाईकडून.

आपा सडपातळ. पोटाची त्वचा आणि चरबी वापरायची नेहमीची पद्धत तिच्या उपयोगाची नव्हती. मग डॉक्टरांनी मांडीचा पर्याय समजावला. मांडीच्या वरच्या भागातून, आतल्या आणि मागच्या बाजूची त्वचा-चरबी रक्तवाहिन्यांसकट काढतात. छातीवर बसवून त्या बारीक वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात. आधीच्या पद्धतीत ग्रॅसिलिस नावाचा स्नायूही घ्यावा लागे. पीएपी या अलीकडच्या पद्धतीत तो जागेवरच राहतो. काम सोपं मात्र नाही. ऑपरेशन कित्येक तासांचं. रक्त पोहोचतंय ना, हे सुरुवातीचे दिवस सारखं बघावं लागतं. नाही पोहोचलं तर पुन्हा टेबलावर. मांडीची जखम बसताना त्रास देते, ते वेगळंच.

घरात विषय निघाला आणि सगळ्यांचं एकच, "या वयात कशाला?" ७० व्या वर्षी अब्बांचा गुडघा बदलला, तेव्हा वय कुणाला आठवलं नव्हतं. एका मामूंनी तर अल्लाहच्या रचनेत ढवळाढवळ नको म्हणून बजावलं. मामूंना मी हजरत अरफजांची हदीस सांगितली. लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं. चांदीचं लावलं, त्याला दुर्गंधी सुटली, तेव्हा पैगंबरांनी (स.) सोन्याचं लावायला सांगितलं. पुरुषाला एरवी सोनं वर्ज्य, तरीही. जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीनेही १९८८ साली ठराव करून स्वतःच्याच शरीराचा भाग दुसऱ्या जागी लावायला परवानगी दिली आहे. गमावलेला अवयव किंवा मनाला यातना देणारं व्यंग, दोन्ही कारणं त्यात आहेत. मामू गप्प बसले. पटलं की नाही, कोण जाणे.

विम्याच्या एजंटने दुसराच सूर लावला, "हे कॉस्मेटिक आहे, मिळणार नाही." विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेलं कलम मी त्याला वाचून दाखवलं. प्लास्टिक सर्जरी वगळा, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना वगळू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. हे कलम किती बायकांना माहीत असेल? एजंटलाच नव्हतं.

माझा राग ऑपरेशन करा की करू नका यावर नाहीच. छाती सपाट ठेवून मजेत जगणाऱ्या बायका आहेत, तोही त्यांचाच निर्णय. पण आपाला निवडायला काही आहे, हेच दोन वर्षं लपून राहिलं.

तिने अजून ठरवलेलं नाही. मांडीला टाके असताना नमाजला बसायचं कसं आणि किती दिवस खुर्चीवर पढावी लागेल, हा तिचा प्रश्न आहे. येत्या सोमवारी ती तो डॉक्टरांना विचारणार आहे.