आधी किल्ली, मग डिपॉझिट?

घर सोडताना मालक भिंतीकडे असा बघतो, जणू ती त्याला पहिल्यांदाच दिसतेय. त्या भिंतीला अकरा महिने ओल होती. फोटो पाठवले, निळ्या टिका आल्या, 'प्लंबर पाठवतो'च्या पुढे काही झालं नाही. आता मात्र रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार, आणि उरलेले 'नवा भाडेकरू आला की देतो'.

याला आपण 'पद्धत' म्हणतो. कसली पद्धत? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ उघडून बघा. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर तुम्ही घर अडवून बसलात, तर कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई. मालक डिपॉझिट अडवून बसला, तर दुपटीचं कलम नाही. तुमचा उशीर महाग, त्याचा फुकट!

केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, आणि ताबा घेतानाच, देणं वजा करून, ते परत. पण तो नुसता नमुना. राज्याने स्वीकारला तरच लागू.

काही भाडेकरू घराची वाट लावतात, खरंय. बेसिन फोडलं तर पैसे जरूर कापा. पण वरच्या मजल्यावरून झिरपणारं पाणी मी आणलं नव्हतं.

पुढच्या करारात एक ओळ घालूनच घ्या: किल्ली आणि डिपॉझिट एकाच दिवशी, समोरासमोर. मालक का-कू करणार असेल तर घर बघतानाच करू दे, सामानाचा टेम्पो खाली उभा असताना नको.