कुठल्या पेपरकडून?

मुलगी गाड्यांचे फोटो काढते म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. फुलांचे काढावेत, पक्ष्यांचे काढावेत, लग्नसराईत नवरीचे काढले तर चार पैसेही सुटतात. पण गाड्यांचे? 'हौस म्हणून ठीक आहे हो,' असं म्हणून विषय संपतो. खरी अडचण पुढेच असते, ती हौस पोटापाण्याच्या वाटेला लागू पाहते तेव्हा.

आमच्या मंडळात येणाऱ्या मुलींचे अर्ज लिहून देणं, कार्यालयांत त्यांच्यासोबत जाणं हे काम माझ्याकडे असतं. त्यातलीच ही एक बावीस वर्षांची मुलगी. वडील गॅरेजमध्ये कामाला, त्यामुळे गाड्यांचं बाळकडू घरातलंच. जुना डीएसएलआर हप्त्याने घेतला आणि दर रविवारी बायपासच्या कडेला उभी राहून सराव करते. तिच्याकडून मला कळलं की शटर एक हजारांश सेकंदावर ठेवलं तर सुसाट जाणारी गाडीसुद्धा पार्किंगमध्ये उभी केल्यासारखी दिसते. तेच शटर एक साठांशावर आणायचं आणि गाडीबरोबर कंबरेतून वळत कॅमेरा फिरवायचा. मग गाडी स्पष्ट येते, चाकं गरगरतात आणि मागची झाडं रेघा होऊन पळतात. याला पॅनिंग म्हणतात. बरेचसे फोटो वाया जातात, एखादाच साधतो. फ्रान्समधल्या जाक आंरी लार्तिग या हौशी तरुणाने पहिल्या महायुद्धाच्या आधी शर्यतीतल्या गाडीचा असाच एक फोटो काढला होता. चाक लंबगोल आलेलं, मागची माणसं तिरकी झालेली. आज तो वेगाचं चित्र म्हणून जगभर दाखवला जातो. पण न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने लार्तिगचं प्रदर्शन भरवलं ते १९६३ साली, तो सत्तरीला टेकल्यावर! सगळ्याच हौशी मंडळींना एवढी वाट पाहणं परवडत नाही.

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला संस्थानची मेबॅक निघते, मुंबईत जुन्या गाड्यांची रॅली निघते. तिथे रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणीही फोटो काढावेत. शर्यतीचं तसं नाही. तिथे मध्ये जाळी असते. प्रेक्षकांतून काढलेल्या फोटोत गाडीच्या आधी जाळीच येते. जाळीच्या आत, ठरवून दिलेल्या जागी उभं राहायचं तर अंगात नंबर घातलेलं जाकीट हवं आणि ते मिळतं फक्त माध्यमांच्या अधिकृत माणसाला. त्यासाठी संपादकाचं लेटरहेडवरचं पत्र, नावासकट छापून आलेल्या फोटोंची कात्रणं आणि अपघात झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत असं लिहून द्यायचं. मोठ्या शर्यतीत विम्याचाही प्रश्न येतो. सरकारी अधिस्वीकृती आणखी वेगळी. ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते, पण तीही पत्रकारितेचा अनुभव असलेल्यांना.

आम्ही दोघी एका आयोजकाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने अल्बम उघडलाही नाही. पहिला प्रश्न, 'कुठल्या पेपरकडून?' कुठल्याच नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्नच आला नाही. मग एका दैनिकाच्या कार्यालयात गेलो. तिथे अल्बम पाहिला, कौतुकही केलं आणि सांगितलं, 'आधी पास मिळवा, आतले फोटो आणा, मग छापायचं बघू.' वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत!

आता नियम नकोतच असं मी म्हणणार नाही. २०१३ साली जर्मन ग्रां प्रीत एका गाडीचं सुटलेलं चाक पिट लेनमधल्या कॅमेरामनला लागलं आणि तो जबर जखमी झाला. त्यानंतर तिथे माध्यमांच्या वावरावर कडक बंधनं आली, ती योग्यच आहेत. कुणाही हौशी माणसाला आत सोडा असं कोणतीही आई म्हणणार नाही. पण लेटरहेडने जीव वाचतो का? कुठे उभं राहायचं, पाठ कुठल्या बाजूला करायची नाही, कुठला झेंडा दिसला की मागे सरायचं, हे शिकवावं लागतं आणि ते आलं की नाही ते तपासता येतं. तपासायचं ते हे. चौकशी मात्र पेपरच्या नावाची होते.

आणि बाईच्या बाबतीत पेपरचं नाव असूनही भागत नाही, हे होमाई व्यारावाला यांच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावाने छापले जायचे. गंमत म्हणजे त्यांचं 'डालडा १३' हे टोपणनावही त्यांच्या मोटारीच्या डीएलडी १३ या नंबरवरूनच आलेलं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या.

शर्यतीच्या मैदानात बाई कधीच नव्हती असंही नाही. छत्री धरून, गाडीपुढे हसत उभी होतीच की! फॉर्म्युला वनने 'ग्रिड गर्ल' ही प्रथा बंद केली ती २०१८ मध्ये. कॅमेऱ्यासमोर उभं राहणाऱ्या मुलीला कात्रणं मागितल्याचं काही मी ऐकलेलं नाही.

या मुलीच्या नशिबी आणखी एक प्रकार आला. तिने एका रॅलीत काढलेला फोटो दुसऱ्या वर्षीच्या बॅनरवर झळकला. ना नाव, ना पैसे. 'प्रसिद्धी मिळाली ना,' हे वर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला हक्क काढणाऱ्याचाच. नोकरीत असताना काढलेला किंवा कुणी मोबदला देऊन काढून घेतलेला असेल तर गोष्ट वेगळी. इथे दोन्ही नव्हतं. आम्ही तसं साधं पत्र लिहिलं, तर पुढच्या आठवड्यात बॅनर गुपचूप उतरला. म्हणजे फोटो बॅनरवर लावण्याइतका चांगला होता, पास देण्याइतका नव्हता!

पासची गाठ सोडवणं फार अवघड आहे असं मला वाटत नाही. आयोजकांनी प्रत्येक शर्यतीत दोन जाकिटं नवख्यांसाठी ठेवावीत, आदल्या दिवशी सुरक्षेचे धडे द्यावेत आणि अनुभवी छायाचित्रकारासोबत उभं करावं. वृत्तपत्रांनीही, या आमच्या पुरवणीसकट, काम बघून एका शर्यतीपुरतं पत्र द्यावं. घरच्यांसाठीही एक सांगणं आहे. देशातल्या मोठ्या शर्यती चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला नाहीतर कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर होतात. दोन रात्रींचा प्रवास, राहण्याचा खर्च, आणि पास मिळेल की नाही याची खात्री नाही. मुलगा असता तर 'जा, बघून ये' म्हणाले असते. हिला 'सोबत कोण?' विचारतात. या खेपेला तिची आईच निघाली आहे सोबत. तिकिटं काढली आहेत, डबा काय न्यायचा तेही ठरलं आहे. पत्र तेवढं अजून मिळायचं आहे.