नहर आली, पाणी कधी?

रोवणी आटोपत आली की झाडीपट्टीतला शेतकरी दोनच गोष्टींकडे पाहतो: आभाळाकडे आणि नहरीकडे. या अंकात आम्ही नहरीकडे पाहतो आहोत. गोसेखुर्द सिंचन प्रकल्पाला १९८३ साली मंजुरी मिळाली तेव्हा खर्च ३७२ कोटी रुपये धरला होता. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि पुढे खर्चाचा अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला. ९९ किलोमीटरचा उजवा कालवा ब्रह्मपुरीकडून सावलीच्या आसोलामेंढा तलावापर्यंत येतो. तरी बांधीपर्यंत पाणी नेणाऱ्या लहान चाऱ्यांची कामं वर्षानुवर्षं रखडली.

खर्च एवढा वाढला, त्याला महागाई हे अर्धंच कारण. रखडलेलं भूसंपादन आणि पुनर्वसन, बदललेली संकल्पचित्रं, निकृष्ट अस्तरीकरण हीही कारणं आहेतच. गडचिरोलीत तुलतुलीसारखे प्रकल्प १९८०च्या वनसंवर्धन कायद्यात अडकले. दोष जंगलाला देणं आम्हाला मान्य नाही; वनजमिनीचा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावरच सुटायला हवा होता. गोसेखुर्दमध्ये ज्यांची गावं बुडाली, त्यांच्यासाठी हा उशीर आयुष्याएवढा आहे.

तुमच्या गावातलं अर्धवट काम कोणतं? फलकावरची तारीख आणि आजची स्थिती आम्हाला कळवा.