कौन्सिलातला वकील

सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आपण झेंडावंदन करतो, हुतात्म्यांची नावे घेतो आणि घरी परततो. मुक्तीच्या आधी पन्नास वर्षे ज्यांनी निजामी राज्यात नुसत्या कायद्याच्या बळावर किल्ला लढवला, त्यांची आठवण मात्र कुणी काढत नाही. केशवराव कोरटकर त्यांतले ठळक नाव.

जन्म १८६७चा, वसमतकडच्या पुरजळचा. वकिली आधी गुलबर्ग्याला आणि १८९६ पासून हैदराबादला. अदालतीचा कारभार तेव्हा उर्दूत चाले. बांधाच्या तंट्यासाठी आपल्याकडचा कुणबी मुन्सिफापुढे उभा राही, तेव्हा मिसलीत आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे हे त्याला वकिलानेच सांगायचे. काही वकील त्याचेही पैसे लावत, ते सोडा.

१८९३ साली राज्यात लेजिस्लेटिव्ह कौन्सिल आले. थाट मोठा, अधिकार बेताचा. सरकारी सभासदांचे बहुमत. निवडून यायचे ते मूठभर आणि तेही जहागीरदारांच्या नि वकिलांच्या मतांवर. बीडच्या शेतकऱ्याला मत मिळायला १९५२ उजाडावे लागले. अशा कौन्सिलात केशवराव बसले. पुढे हायकोर्टाचे न्यायाधीशही झाले.

पण त्यांचे खरे काम कौन्सिलाबाहेरचे, असे आमचे मत. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी या मराठी शाळांच्या उभारणीत ते होते. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा त्याच वाटेवरची. तिथे पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले. शाळांच्या जोडीला आर्य समाजाचे काम. निजामी मुलखातला पहिला आर्य समाज आपल्या बीड जिल्ह्यातल्या धारूरचा. हैदराबादच्या आर्य समाजाची धुरा केशवरावांनी अनेक वर्षे वाहिली.

या पिढीचे सगळेच गोड मानून घ्यायचे कारण नाही. १९२१ साली विवेकवर्धिनीत महर्षी कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलायला उठले, तर सभेने हुर्यो उडवून त्यांना बोलू दिले नाही. स्वतःच्या भाषेसाठी शाळा काढणारे आम्ही दुसऱ्याच्या भाषेला हसलो. त्या अपमानातून तेलुगू भाषकांचा आंध्र जनसंघ उभा राहिला.

केशवराव १९३२ साली गेले. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार स्वतंत्र भारतातल्या हैदराबाद राज्यात मंत्री झाले.

वाचकहो, बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या जुन्या वकिलांच्या घरांत माळ्यावर मोडी नि उर्दू मिसलींची गाठोडी अजून असतील. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला देऊ नका. आम्हाला कळवा, वाचणारा माणूस आम्ही शोधून आणू.



— संपादक