निवडीची कारणे लिहा

प्रशासनात एक जुना दंडक आहे : ज्या आदेशाने कुणाची संधी हिरावली जाते, तो आदेश सकारण असला पाहिजे. साधा परवाना नाकारतानाही अधिकाऱ्याला कारणे नमूद करावी लागतात. खेळाडूच्या अनेक वर्षांच्या साधनेवर काट मारणाऱ्या निवड समित्या मात्र या दंडकाला स्वतःवरील बंधन मानावयास तयार नसतात.

निवड नियमाने होऊ शकते, याचा दाखला बंगळुरूने दिला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी थेट पात्रतेची वेळ एकाही भारतीय जलतरणपटूला गाठता आली नव्हती. अशा देशाला युनिव्हर्सॅलिटी कोट्यातून एक पुरुष व एक महिला पाठविता येते आणि ती नावे गुणांकनावरून ठरतात. त्यानुसार श्रीहरी नटराज आणि अवघ्या चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू हे बंगळुरूचे दोघे पॅरिसला गेले. तेथे वशिल्याला जागाच नव्हती.

सर्वच खेळ घड्याळावर मोजता येत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. फिगर स्केटिंगमध्ये गुण पंच देतात आणि देशाच्या वाट्याला आलेल्या जागांवर कुणाला पाठवायचे, हे राष्ट्रीय महासंघ ठरवितो. २०१४ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी आलेल्या मिराई नागासूऐवजी चौथ्या क्रमांकाच्या ॲश्ली वॅग्नरला सोची ऑलिम्पिकसाठी निवडले. टीका झाली, परंतु आधीच्या स्पर्धांतील कामगिरीही विचारात घेतली जाईल, हे तेथील निकषांत पूर्वीच अंतर्भूत होते.

आता आपल्याकडे पाहा. २०१७ मध्ये पी. यू. चित्राने भुवनेश्वरच्या आशियाई मैदानी स्पर्धेत १५०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. आशियाई विजेतीला लंडनच्या जागतिक स्पर्धेचे दार खुले होते, तरीही भारतीय महासंघाने तिला वगळले. तिची कामगिरी पुरेशी नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने आदेश दिला, तोवर प्रवेशिकांची मुदत उलटली होती. आदेश हाती आला, शर्यत मात्र हुकली.

महासंघ स्वायत्त आहेत, ही सबब येथे पुरेशी नाही. ते भारताच्या नावाने संघ पाठवितात आणि सरकारी अर्थसाहाय्यही घेतात. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली, हे स्वागतार्हच. परंतु विमान सुटल्यावर मिळणारा न्याय खेळाडूच्या काय कामाचा?

म्हणून तीन गोष्टी बंधनकारक कराव्यात. निकष मोसमापूर्वी प्रसिद्ध व्हावेत आणि मध्येच बदलू नयेत. वगळलेल्या दावेदाराला लेखी कारणे मिळावीत. अपिलाचा निकाल प्रवेशिकेच्या मुदतीपूर्वी लागेल, अशा बेताने संघ जाहीर व्हावा. यासाठी नवा निधी नको, नवे पद नको. समितीला स्वेच्छाधिकार जरूर असावा. पण तो कसा वापरला, हे तिने स्वाक्षरीनिशी सांगावे.