रहाट गेला, मर्यादा कोणी घालायची?

शेतीत यंत्र यावे की न यावे, हा वाद आता शिळा झाला आहे. तरीही आपल्या सभा-संमेलनांतून दोन सूर अजून ऐकू येतात. एक रहाटाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांचा. दुसरा प्रत्येक नव्या यंत्राला प्रगती म्हणून ओवाळणाऱ्यांचा. वसईच्या विहिरी पाहिल्या, तर दोघेही अर्धेच सत्य सांगतात असे म्हणावे लागते.

रहाटाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्यामागचे कष्ट विसरू नयेत. पहाटेच्या अंधारात बैल जुंपायचा, त्याच्यामागे गोल गोल फिरायचे आणि केळीच्या नि पानवेलीच्या आळ्यांत पाणी वळवायचे, यात घरातली माणसे झिजत. आधी तेलाचे इंजिन आणि मग विजेचा पंप आला, तेव्हा हे ओझे उतरले. त्या सुटकेला नावे ठेवण्याचा अधिकार वाडीत कधी न राबलेल्यांना नाही.

परंतु रहाटाला एक गुण होता, जो आपण हिशेबातच धरला नाही. बैल थकला की रहाट थांबे. विहिरीला पुन्हा भरायला उसंत मिळे. पंप थकत नाही. ‘यंत्र निर्दोष, वापरणारा दोषी’ हे आवडते वाक्य म्हणूनच अपुरे आहे. रहाटाची मर्यादा त्याच्या घडणीतच होती. पंपाने ती काढून टाकली. जी मर्यादा यंत्रात नाही, ती समाजाने घालावी लागते. ती आपण घातली नाही.

किनाऱ्यावर याची शिक्षा कठोर असते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगते. शास्त्राच्या ढोबळ हिशेबाने, समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा साठा टिकतो. म्हणजे वरची पातळी एका फुटाने उतरली, की खालून खारे पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकते. एकदा खारावलेली विहीर एका पावसाळ्यात गोडी होत नाही.

१९९० मध्ये या परिसराच्या नियोजनाचे काम सिडकोकडे गेले, इमारती वाढल्या आणि वाडीचा पंप टँकर भरू लागला. केळीपेक्षा पाणी विकणे सोपे ठरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी या उपशाविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा ‘माझी विहीर, माझे पाणी’ असे उत्तर मिळे. विहीर तुमची, मान्य. पण तिच्या तळाशी कुंपण कोठे आहे? एकाने ओढलेले पाणी शेजाऱ्याच्या झऱ्यातूनच येते. त्यातच पावसाचे पाणी धरून ठेवणारी बावखले आपणच भराव टाकून बुजवली.

आता ठिबक सिंचनाचा बोलबाला आहे. ते जरूर घ्यावे. पाणी थेट मुळाशी पोहोचते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी जमीन भिजवली किंवा ते टँकरला दिले, तर भूगर्भाच्या पदरात काय पडले? बचत जमिनीत राहिली, तरच ती बचत.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक पंपाला मीटर असावा आणि गावाने उन्हाळ्यातील उपशाची सीमा ठरवावी. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी साठ मीटर वा त्याहून खोल विहिरी खोदण्यास मनाई केली आहे. पण आपल्या उथळ, वालुकामय किनाऱ्याला त्याहून कडक शिस्त हवी. उरलेली बावखले राखावीत. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन लाख लिटर पाणी होते. चर्चच्या, शाळांच्या, सभागृहांच्या विस्तीर्ण छपरांचे पाणी गटारात जाते, ते विहिरीत का उतरू नये?

यात पहिला तोटा टँकर भरणाऱ्यांचा होईल आणि ते आपलेच सोयरे आहेत. म्हणून तर आपण आजवर गप्प राहिलो. पण खाऱ्या विहिरीला नातीगोती कळत नाहीत.